निळ्या अंगरख्याची शाळा

आपल्या मंडळाने पन्नाशी गाठली, या आनंदाच्या प्रसंगी संस्थांच्या दीर्घायुष्याचा विचार मनात येणे साहजिक आहे. संस्था काढणे त्या मानाने सोपे. तिचा मूळ हेतू पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणे कठीण. या दृष्टीने इंग्लंडमधील ‘ख्राइस्ट्स हॉस्पिटल’ या विद्यालयाचा इतिहास आम्हांस मननीय वाटतो.

नावावरून रुग्णालयाचा भास होतो. परंतु त्या काळी ‘हॉस्पिटल’ म्हणजे निराश्रितांचे आश्रयस्थान. लंडनच्या रस्त्यांवर भटकणाऱ्या अनाथ व निर्धन मुलांची दैना पाहून बिशप रिडले यांनी सहाव्या एडवर्ड राजापुढे प्रवचन केले. नगरवासीयांनी वर्गणी जमवली आणि १५५२ साली न्यूगेट भागातील एका ओस पडलेल्या मठात सुमारे ३८० मुलांची सोय झाली. जून १५५३ मध्ये राजाने सनद दिली आणि पुढच्याच महिन्यात, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो निवर्तला.

१६६६ च्या भीषण आगीत शाळेची बरीच वास्तू भस्मसात झाली, तरी शाळा उठून उभी राहिली. १६७३ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने तेथे गणितशाळा स्थापून चाळीस मुलांना नौकानयनाचे शिक्षण देण्याची व्यवस्था केली. आरमार खात्यातील कर्तबगार अधिकारी सॅम्युएल पेपिस यांनी तिच्यात मनापासून लक्ष घातले, याचे आम्हां सरकारी नोकरांस विशेष कौतुक वाटते.

या शाळेचे अंतरंग जगापुढे ठेवले ते चार्ल्स लॅम या तिच्याच विद्यार्थ्याने. लॅम व कवी कोलरिज दोघेही १७८२ साली तेथे दाखल झाले. पुढे लॅम यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत तेहतीस वर्षे कारकुनी केली. शाळेविषयी त्यांनी दोन निबंध लिहिले. १८१३ च्या निबंधात शाळेची स्तुती आहे. १८२० च्या निबंधात मात्र त्यांनी कोलरिजची भूमिका घेऊन जणू स्वतःलाच दोष दिला. लॅमचे घर जवळ. घरचा चविष्ट खाऊ त्याला पोहोचत असे. दूर डेव्हनहून आलेल्या कोलरिजला कोण विचारणार? अपुरे जेवण, शिक्षकांची छडी आणि सुट्टीच्या दिवशी जायला घर नाही, हे त्याचे दुःख. एकाच छताखाली वाढलेल्या दोघांची शाळा किती वेगळी असू शकते, हे त्या निबंधाने दाखवले. बदलीच्या गावी, पहिल्या दिवाळीत, कुलूपबंद परक्या दारांपुढून आम्ही फिरलो आहोत. म्हणून हे वाचताना आमचे मन गलबलले.

उणिवा आणखीही होत्या. प्रवेश बराच काळ विश्वस्तांच्या शिफारशीवर अवलंबून असे. खुद्द लॅमलाही वडिलांच्या धन्याच्या ओळखीचा उपयोग झाला. आरंभापासून मुलीही आश्रयास होत्या. परंतु पुढे त्यांची शाळा हर्टफर्डला वेगळी राहिली. मुलांची शाळा १९०२ मध्ये लंडन सोडून हॉर्शमजवळ गेली आणि मुली तेथे आल्या त्या १९८५ मध्ये!

मात्र मूळ धागा तुटला नाही. लांब निळा अंगरखा, पिवळे मोजे व गळ्याशी पांढरी पट्टी हा जुना वेष आजही शाळाच विनामूल्य पुरवते. दुपारी बँडच्या तालावर मुलेमुली रांगेने भोजनगृहात जातात. शुल्क पालकांच्या उत्पन्नानुसार ठरते. कोणी पूर्ण भरतो, कोणी काहीच भरत नाही. अंगरखा मात्र सर्वांचा सारखाच, त्यामुळे शेजारी बसलेला कोणत्या घरचा, हे कपड्यांवरून कळत नाही.

आपल्या मंडळातही गणेशोत्सवाच्या पंगतीला कोणाचा हुद्दा विचारला जात नाही. ही रीत आपण जपली आहे, जपलीच पाहिजे. मात्र दाराशी बुजून उभा राहिलेला नवखा त्या पंगतीपर्यंत पोहोचतो का, हे पाहण्याची जबाबदारी ज्यांची घरे येथे वसली आहेत त्या आपल्यावरच आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढे स्मरण राहिले, तरी आम्ही समाधान मानू.