मुक्या भूमिकेतले दोन धावपटू

१९०४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे बोअर युद्धाचा खेळ चालायचा. खऱ्या लढाईतून आलेले इंग्रज आणि बोअर सैनिक पुन्हा समोरासमोर उभे राहायचे. बोअर सेनापती पीट क्रोन्ये तर आपलीच शरणागती तिकीट काढून आलेल्यांना करून दाखवायचा! आफ्रिकी माणसं मात्र त्यात गर्दी भरण्यापुरती. त्यांतले दोघे, लेन ताउ आणि यान माशियानी, युद्धात निरोप घेऊन धावलेले होते.

३० ऑगस्टला त्याच शहरात ऑलिंपिकची मॅरेथॉन होती. पाठीशी पथक नाही, प्रशिक्षक नाही. दक्षिण आफ्रिका हे एकसंध राष्ट्रसुद्धा १९१० साली झालं. तरी दोघे धावायला उभे राहिले. कडक ऊन, मोटारींची धूळ, पाणी जवळजवळ नाही. ३२ जण निघाले, १४ पोहोचले. क्यूबाचा एक पोस्टमन, फेलिक्स कार्वाहाल, असाच स्वतःच्या हिमतीवर येऊन चौथा आला. ताउला कुत्र्यांनी रस्ता सोडून पळायला लावलं, तरी तो नववा आला. माशियानी बारावा.

आफ्रिकेतून ऑलिंपिकमध्ये उतरलेले हे पहिले कृष्णवर्णीय समजले जातात. पण निकालात नावं लागली 'लेन्टाउ' आणि 'यामासानी'. त्स्वाना भाषेत 'ताउ' म्हणजे सिंह. लिहून घेणाऱ्याला त्याचं काय!

त्या काळी गोरे लोक अशांना सरसकट 'काफिर' म्हणत. उर्दू शिकवणारा माणूस या शब्दापाशी थांबणारच. अरबीत त्याचं मूळ 'झाकणं'. बी मातीत झाकतो म्हणून शेतकऱ्यालाही तो शब्द लागतो. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे अरब व्यापारी मुस्लिम नसलेल्या स्थानिकांना काफिर म्हणत. पोर्तुगीजांनी तो उचलला, पुढे डच-इंग्रजांच्या तोंडी त्याची शिवी झाली. दक्षिण आफ्रिकेत आज कुणाला तसं म्हटलं तर कोर्टात उभं राहावं लागतं. ही शिवी निव्वळ गोऱ्यांची, असं म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत.

या दोघांनंतर १९६० पर्यंत दक्षिण आफ्रिकेचे ऑलिंपिक संघ गोऱ्यांचेच राहिले. मग त्या देशावर बंदी आली, ती १९९१ साली उठली. १९९६ साली अटलांटात त्या देशाच्या कृष्णवर्णीय खेळाडूला पहिलं सुवर्ण मिळालं, तेही मॅरेथॉनमध्येच. त्याचं नाव जोसाया थुग्वाने. तो कोळशाच्या खाणीवर नोकरी करायचा.