एका किलोचे अंतर

कुस्तीविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. खाशाबा जाधवांचे १९५२ चे हेलसिंकीतील कांस्यपदक शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. वेटलिफ्टिंगच्या वाट्याला मात्र जिल्हा पुरवणीतील चौकटीपलीकडे फारसे आले नाही. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आमच्या छत्रपती संभाजीनगरात असूनही या खेळाबद्दल शहरात चर्चा ऐकू येत नाही. म्हणून ही हकिकत सांगायची ती थेट कृष्णाकाठची.

तिथे आधी कुस्तीच होती. कुस्ती, पहिलवान, खुराक हे शब्द फारसीतून आले, तालीम अरबीतून, आणि वस्ताद म्हणजे आपला उस्ताद. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधले. १९१२ मध्ये तिथल्या पहिल्या मोठ्या लढतीत इमाम बख्श आणि गुलाम मोहिद्दीन समोरासमोर आले. कुस्तीला राजाश्रय होता, बघायला हजारोंची गर्दी होती. बारबेल आली ती या मातीबाहेरून, आणि तिच्याबरोबर स्नॅच, क्लीन अँड जर्क हे शब्दही तसेच आले. त्यांना मराठी प्रतिशब्द कोणी शोधले नाहीत, आणि मुलांचे त्यावाचून अडलेही नाही. स्नॅचमध्ये भार एका झटक्यात डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर, मग डोक्यावर. दोन्हींत तीन-तीन संधी मिळतात आणि दोन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज धरली जाते. १९७२ पर्यंत प्रेस हा तिसरा प्रकारही होता. म्युनिच ऑलिंपिकनंतर तो रद्द झाला.

शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या जुन्या संस्थानाचे गाव. वर्तमानपत्रांत त्याचे नाव येते ते बहुधा तिथल्या मशिदींत बसणाऱ्या गणपतींमुळे. २०१४ साली ते वेगळ्या कारणाने आले. ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये भारताच्या सात पुरुषांनी पदके मिळवली आणि त्यांतले तिघे या एका गावचे होते. ५६ किलो गटात गणेश माळी, ६९ मध्ये ओंकार ओतारी, ९४ मध्ये चंद्रकांत माळी. तिघांनाही कांस्य. चंद्रकांतने ३३८ किलो उचलले. गावातील हर्क्युलस जिम आणि प्रशिक्षक प्रदीप पाटील यांची ही कमाई. मोठ्या शहराला जमले नाही ते एका छोट्या गावाने केले, याचे कौतुक तेव्हा आठवडाभर झाले. आठवडाभरच.

गणेशचे आकडे मला जास्त बोलके वाटतात. स्नॅचमध्ये १११ किलो उचलून तो सर्वांच्या पुढे होता. क्लीन अँड जर्कमध्ये १३३ वर थांबला. बेरीज २४४. रौप्य मिळवणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूची २४५. सुखेन डेला २४८ वर सुवर्ण मिळाले.

हा एक किलो येतो कुठून, तेही पाहिले पाहिजे. २००५ पर्यंत स्पर्धेत भार अडीच किलोच्या टप्प्याने वाढत असे. मग नियम बदलला आणि एकेक किलोने वाढवण्याची मुभा मिळाली. चुरस बारीक झाली. आधी निकाल अडीच किलोंनी ठरायचा, आता हातभर लांबीच्या दांड्यावर नव्हे, चकतीच्या कडेवर ठरतो.

आठ वर्षांनी तोच एक किलो पुन्हा आडवा आला. सांगली कुरुंदवाडहून जवळच. तिथला संकेत महादेव सरगर. वडिलांची पानाची टपरी आणि चहा-भज्यांची गाडी. संकेत मयूर सिंहासने यांच्या हाताखाली तयार झाला. धाकटी बहीण काजोलही वेटलिफ्टरच. तिने २०२२ च्या जूनमध्ये पंचकुलाला खेलो इंडिया स्पर्धेत ४० किलो गटात सुवर्ण जिंकले. संकेत शिवाजी विद्यापीठात इतिहासाचा विद्यार्थी होता. राष्ट्रीय विजेता झाला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत सिंगापूरला ५५ किलो गटात २५६ किलोंची (११३ अधिक १४३) बेरीज करून त्याने राष्ट्रकुल स्पर्धेचा प्रवेश पक्का केला.

३० जुलै २०२२, बर्मिंगहॅम. स्नॅचमध्ये १०७, १११, ११३, तिन्ही यशस्वी. मलेशियाचा अनिक कसदान १०७ वर, म्हणजे सहा किलोंची आघाडी. क्लीन अँड जर्कमध्ये पहिला भार १३५, तोही गेला. दुसऱ्या वेळी १३९ उचलताना उजव्या कोपराला दुखापत झाली. १३९ त्याच्यासाठी काही नवा नव्हता. पाच महिन्यांपूर्वी त्याने १४३ उचलले होते. तसाच तो तिसऱ्यांदा मंचावर गेला आणि पुन्हा भार सुटला. आता कसदानला किती उचलायचे हे गणित उघड होते, १४२. त्याने ते उचलले. २४९ विरुद्ध २४८.

त्या स्पर्धेतले भारताचे पहिले पदक संकेतने हात झोळीत अडकवून घेतले. पुढे लंडनमध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झाली. टपरीवर मुलगा झळकला म्हणून गर्दी जमली, हार आले, कॅमेरे आले. त्या तिसऱ्या प्रयत्नाला काही जण वेडेपणा म्हणाले. मला तसे वाटत नाही. ज्या घरात एक पदक म्हणजे नोकरीचा दरवाजा असतो, त्या घरातला मुलगा रौप्य खात्रीचे आहे म्हणून मंचाखाली उभा राहील, हे मानणे कठीण आहे.

२०१८ साली वजनगट बदलले आणि गणेशचा ५६ किलो गट बंद झाला. ५५ चा गट त्याजागी आला, तोही पुरुषांसाठी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीतून गेला. आता सर्वांत हलका गट ६० किलोचा. ५५ किलोंच्या देहाला घडवलेल्या मुलांना पाच किलो मांस आणि त्याबरोबर वाढता भार कमवावा लागणार, आणि खुराकाचा तेवढा खर्च घरातूनच निघणार.