किंग यांचे पत्र नेमके कुणाला होते?

जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी अमेरिकेत मार्टिन लूथर किंग यांच्या नावाने राष्ट्रीय सुटी असते. त्यानिमित्त चर्चमध्ये प्रार्थना होतात, प्रवचने होतात. किंग स्वतः बाप्टिस्ट पाद्री होते. त्यांचे वडील आणि आईचे वडीलही पाद्रीच. त्यामुळे ख्रिश्चन समाजाने त्यांना आपले मानावे यात नवल नाही. पण हा आपलेपणा कधीपासूनचा, असे विचारले की इतिहास अडचणीचा होतो. १९६६ साली गॅलपने केलेल्या पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचे मत किंग यांच्या विरोधात होते. हे बहुतेक लोक ख्रिश्चनच होते.

आमच्याकडे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा विषय निघाला की माल्कम एक्स यांचे नाव आधी येते. किंग मला बरीच वर्षे सौम्य, सर्वांना चालणारे नेते वाटत. बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी लिहिलेले पत्र वाचले आणि हा समज गळून पडला.

१२ एप्रिल १९६३, गुड फ्रायडे. अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात न्यायालयाचा मनाई हुकूम मोडून मोर्चा काढल्याबद्दल किंग यांना अटक झाली. त्याच तारखेला शहरातील आठ गोऱ्या धर्मगुरूंनी एक निवेदन काढले. त्यात सात ख्रिश्चन होते, एक ज्यू. आंदोलनाची वेळ चुकीची आहे, त्यात बाहेरच्या माणसांचा हात आहे, दाद मागायची ती न्यायालयात, रस्त्यावर नव्हे, असा त्याचा सूर होता. किंग यांनी कोठडीत वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर उत्तर लिहायला घेतले.

हे आठजण वंशद्वेष्टे नव्हते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. त्याच वर्षी जानेवारीत गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी वंशभेद कायम टिकवण्याची घोषणा केली, तेव्हा यांच्यातील बहुतेकांनी कायदा पाळण्याचे जाहीर आवाहन केले होते. त्यांच्यातले अर्ल स्टॉलिंग्ज हे फर्स्ट बाप्टिस्ट चर्चचे पाद्री. ईस्टरच्या दिवशी त्यांच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीय भाविक आले आणि त्यांना आत बसू दिले गेले. किंग यांनी आपल्या पत्रात त्यांचे नाव घेऊन कौतुक केले आहे. म्हणजे किंग यांचा सवाल कू क्लक्स क्लॅनला नव्हता. अन्याय चूक आहे हे ज्यांना कळते, पण जे ‘थोडे थांबा’ म्हणतात, अशा भल्या माणसांना होता.

थांबा म्हणणारे फक्त गोरेच होते असेही नाही. नॅशनल बाप्टिस्ट कन्व्हेन्शन ही कृष्णवर्णीय ख्रिश्चनांची सर्वांत मोठी संघटना. तिचे अध्यक्ष जोसेफ जॅक्सन यांना किंग यांचा सत्याग्रहाचा मार्ग मान्य नव्हता. हा वाद आणि अध्यक्षपदाची भांडणे यातून १९६१ मध्ये संघटना फुटली. किंग यांच्या हत्येनंतर शिकागोत जॅक्सन यांच्या चर्चसमोरील रस्त्याला किंग यांचे नाव दिले गेले, तेव्हा जॅक्सन यांनी चर्चचा पत्ता बाजूच्या रस्त्यावरचा करून घेतला.

बिली ग्रॅहम यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या सभेत त्यांनी किंग यांना प्रार्थनेसाठी बोलावले होते. १९६३ मध्ये बर्मिंगहॅम पेटले तेव्हा मात्र त्यांनीही किंग यांना जरा सबुरीचा सल्ला दिला. जेरी फॉलवेल यांनी मार्च १९६५ मध्ये प्रवचन देऊन पाद्र्यांनी मोर्चात उतरू नये असे बजावले. त्यांचे काम आत्म्यांच्या तारणाचे. हेच फॉलवेल १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ स्थापून राजकारणात उतरले. आपले ते जुने मत त्यांनी पुढे मागे घेतले.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. मार्च १९६५ मध्ये सेल्माहून किंग यांनी देशभरातील धर्मगुरूंना हाक दिली आणि पाद्री, कॅथलिक नन्स, रब्बी तिकडे धावले. जोनाथन डॅनियल्स हा एपिस्कोपल पंथाचा धर्मशिक्षण घेणारा गोरा तरुण. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका कृष्णवर्णीय मुलीवर रोखलेल्या बंदुकीसमोर तो आडवा आला आणि मारला गेला. वय २६. बायबल तेच होते, प्रार्थनाही त्याच होत्या. त्यातून एकाला थांबण्याचा आदेश ऐकू आला, दुसऱ्याला निघण्याचा.

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये किंग यांची हत्या झाली. सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला ते तिथे गेले होते. त्यानंतर सन्मान सुरू झाले. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन १८४५ मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरूनच वेगळे झाले होते. १९९५ मध्ये त्याने वंशवादाबद्दल माफी मागितली. १९९८ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेच्या दर्शनी भिंतीवर विसाव्या शतकातील दहा हुतात्म्यांचे पुतळे बसवले गेले, त्यात किंग आहेत.

आक्षेप मात्र संपलेले नाहीत. विद्यार्थिदशेतील निबंधांत किंग यांनी येशूच्या कुमारीपोटी जन्माविषयी शंका घेतली होती. त्यांच्या प्रबंधात इतरांचा मजकूर श्रेय न देता घेतल्याचे बोस्टन विद्यापीठाच्या समितीने १९९१ मध्ये मान्य केले. वैवाहिक निष्ठेचा प्रश्न तर आहेच. यावरून काही सनातनी ख्रिश्चन त्यांना श्रद्धेचा आदर्श मानायला तयार नसतात. हे दोष झाकण्याचे कारण नाही. पण १९६३ च्या त्या आठजणांच्या निवेदनात यातला एकही मुद्दा नव्हता. त्यांची हरकत एवढीच होती की, वेळ योग्य नाही.

हे वाक्य मी स्वतः उच्चारले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातील मशिदीत महिलांना नमाजासाठी जागा द्यावी, अशी मागणी बैठकीत आली. मागणी मला पटलेली होती. पण बुजुर्ग मंडळी नाराज होतील, बाहेरचे लोक याचा गैरफायदा घेतील, असा विचार करून मी म्हणालो, “सध्या राहू द्या, माहोल ठीक नाही.” माझ्या बोलण्याला लगेच माना डोलल्या आणि विषय पुढे ढकलला गेला. तो अजून तिथेच आहे.

किंग यांचे पत्र पहिल्यांदा वाचताना मी त्यांच्या बाजूने वाचत होतो. अलीकडे पुन्हा वाचले, तेव्हा ते ज्यांच्या पत्त्यावर गेले होते त्या माणसांत मी बसलेलो होतो. स्टॉलिंग्ज यांनी निदान ईस्टरच्या दिवशी दार उघडले होते. पुढच्या बैठकीत तो विषय मलाच काढावा लागणार आहे.