शिंग व मृगशृंग
शिंग व मृगशृंग ही खुरी प्राण्यांच्या डोक्यावर आढळणारी दोन भिन्न प्रकारची उपांगे आहेत. व्यवहारात दोन्हींना 'शिंग' असेच म्हटले जाते. परंतु त्यांची रचना व वाढ वेगवेगळी असते. गाय, म्हैस, शेळी, गवा, काळवीट इत्यादी बोव्हिडी कुलातील प्राण्यांना शिंगे असतात, तर चितळ, सांबर, भेकर, बारशिंगा इत्यादी सर्व्हिडी कुलातील प्राण्यांना मृगशृंगे असतात. हरणांचे कुरंग (उदा. काळवीट, चिंकारा) व सारंग (उदा. चितळ, सांबर) हे गट या भेदाशी निगडित आहेत.

रचना
शिंगाच्या आत कवटीला जोडलेला हाडाचा गाभा असतो व त्यावर केराटिन या प्रथिनाचे आवरण असते. नखे व केसही याच प्रथिनाचे बनलेले असतात. गाभ्यावरून आवरण काढल्यास ते पोकळ दिसते. शिंगाला शाखा फुटत नाहीत. पूर्ण वाढलेले मृगशृंग मात्र संपूर्णपणे हाडाचे व भरीव असते आणि त्याला बहुधा शाखा असतात.

वाढ व गळणे
शिंग तळाकडून वाढते, जन्मभर टिकते आणि मोडल्यास पुन्हा पूर्ववत येत नाही. मृगशृंग टोकाकडून वाढते, ठरावीक काळाने गळते व पुन्हा उगवते. समशीतोष्ण प्रदेशात हे चक्र दरवर्षी घडते. वाढीच्या काळात त्यावर रक्तवाहिन्यांनी युक्त अशी मखमली त्वचा असते. वाढ पूर्ण झाल्यावर ही त्वचा सुकते व नर ती झाडांवर घासून काढतो. विणीच्या हंगामानंतर टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण घटते, तळाचे हाड विरघळते आणि मृगशृंग गळून पडते. शाखांच्या संख्येवरून प्राण्याचे नेमके वय ठरवता येते, हा समज चुकीचा आहे.

नर व मादी
मृगशृंगे सामान्यतः केवळ नरांना असतात. रेनडिअरच्या मादीलाही ती असतात. शिंगे मात्र अनेक जातींत नर व मादी दोघांनाही असतात, उदा. गवा. नीलगाय व चौशिंगा यांच्यात ती फक्त नराला असतात.

अपवाद
गेंड्याच्या शिंगात हाडाचा गाभा नसतो. ते केराटिनचेच बनलेले असते. जिराफाची शिंगे हाडाची असून ती कायम त्वचेने आच्छादलेली असतात. उत्तर अमेरिकेतील प्राँगहॉर्न या प्राण्याच्या शिंगाचे केवळ बाह्य आवरण दरवर्षी गळते.

महत्त्व व संरक्षण
जंगलात गळून पडलेली मृगशृंगे साळिंदरासारखे प्राणी कुरतडतात व त्यांतून कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळवतात. मृगशृंग गळून पडत असल्याने ते मिळवण्यासाठी प्राण्याला मारावे लागत नाही. तथापि नुसत्या वस्तूवरून ती उचललेली आहे की शिकारीतून आलेली, हे ओळखणे कठीण असते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गळालेल्या मृगशृंगांचा व्यापारही बेकायदेशीर आहे.