मुंगीपालन

राणीसह मुंग्यांची वसाहत कृत्रिम वारुळात सांभाळून तिचे निरीक्षण करण्याचा छंद. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जॉन लबक यांनी काचेच्या दोन तावदानांमध्ये मातीचा पातळ थर ठेवून मुंग्या पाळल्या, एकेक मुंगी ओळखता यावी म्हणून त्यांवर रंगाचे ठिपके दिले आणि १८८२ मध्ये आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांच्याकडील एक राणी सुमारे १५ वर्षे जगली. फ्रान्समध्ये शार्ल जाने यांनी प्लॅस्टरची वारुळे प्रचारात आणली. अमेरिकेत १९५६ पासून मुलांसाठी विकली गेलेली प्लॅस्टिकची वारुळे राणीविना असत; त्यामुळे त्यांतील मुंग्या काही महिन्यांत मरून जात. त्यांना वसाहत म्हणणे सैलपणाचेच.

वसाहतीची सुरुवात उड्डाणानंतर पंख गाळलेल्या, फलित राणीपासून होते. महाराष्ट्रात पंखधारी मुंग्या मुख्यतः पहिल्या पावसाच्या सुमारास बाहेर पडतात. ओल टिकण्यासाठी परीक्षानळीत पाणी भरून ते कापसाच्या बोळ्याने अडवतात, राणीला कोरड्या भागात सोडतात व नळी अंधारात ठेवतात. मुंगळ्यासारख्या जातींत राणी पहिली कामकरी पिढी तयार होईपर्यंत खात नाही; निकामी झालेले उड्डाणस्नायू व शरीरातील मेद यांवर ती स्वतःचे व अळ्यांचे पोषण करते. पुढे कामकऱ्यांना साखरपाणी आणि अळ्यांसाठी मेलेले कीटक देतात. तांबडा प्रकाश मुंग्यांना जवळजवळ जाणवत नसल्याने निरीक्षणासाठी लाल काच वापरतात.

परक्या जाती निसटल्यास स्थानिक मुंग्यांना धोका पोचतो. म्हणून अमेरिकेत राज्याबाहेर राणी नेण्यास परवाना लागतो. (पहा : कीटक, मुंगी).