आजीची पायली
आजी गेली आणि अड्याळच्या घरातलं पितळ मोडीत देऊन स्टीलचे डबे घ्यायचं ठरलं. मी तेवढी पायली मागून घेतली. भंडाऱ्याचं नावच 'भाणा', म्हणजे पितळी भांडं, यावरून पडलं म्हणतात, आणि आपण तेच विकायला निघालो!

ऑक्टोबर 1958पासून किलोची मापं आली. आजी मात्र तांदूळ पायलीनंच मोजायची. चातुर्मासात साठ्याला कीड लागली तर नासाडीही आणि जीवहिंसाही, म्हणून लागेल तेवढंच भरायची, वर कडुलिंबाचा सुकवलेला पाला. परिग्रह-परिमाण मी शिकले ते तिच्या कोठीघरात.

माझ्याकडे रिकामे प्लॅस्टिकचे डबे सतरा निघाले. पंधरा वाटून टाकले. पायलीत आता आठवड्याचा तांदूळ असतो. तिला एका बाजूला पोचा आहे, तो तसाच ठेवलाय.