जखम भरते कशी? वृद्धिघटकांचे काम

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी काम करताना पत्र्याच्या धारेने बोट कापणे नवे नाही. दाबून धरले की रक्त थांबते, खपली धरते आणि जखम छोटी असेल तर आठ-दहा दिवसांत कातडी जुळून येते. हे सगळे ज्या प्रथिनांच्या निरोपांवर चालते, त्यांना वृद्धिघटक किंवा ग्रोथ फॅक्टर म्हणतात.

प्लेटलेट नुसती गुठळी करून थांबत नाहीत. आपल्यात साठवलेले पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा हे घटक त्या जखमेत सोडतात. त्या निरोपावर पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करतात आणि स्वतःही आणखी वृद्धिघटक सोडतात. मग फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनचे धागे तयार करतात, तर व्हीईजीएफमुळे नव्या केशवाहिन्या फुटतात. भरत आलेल्या जखमेच्या तळाशी लाल, दाणेदार भाग दिसतो तो हाच. अनेकजण त्याला घाण समजून खरवडतात; तसे करू नये.

कडेच्या त्वचापेशींना मध्याकडे सरकायला लावतो तो ईजीएफ. त्याचा शोध मजेशीर आहे. स्टॅनली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे वेळेआधीच उघडले. या संशोधनासाठी त्यांना आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ साली नोबेल मिळाले.

खरी अडचण येते ती जुना मधुमेह असलेल्या कामगाराच्या तळपायाला जखम झाल्यावर. नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे सेफ्टी शूज चावला किंवा तळव्यात तुकडा रुतला तरी कळतच नाही. दिवसभर उभे राहून जखमेवर भार पडत राहतो. अशा जखमेत दाह शमत नाही आणि प्रथिने तोडणारी विकरे वाढतात; ती वृद्धिघटकांचेच तुकडे करतात. निरोप निघतो, पण पोचण्याआधीच फाटतो. म्हणून महिनोन्‌महिने जखम तशीच राहते.

यावर बाहेरून वृद्धिघटक लावायची कल्पना पुढे आली. प्रयोगशाळेत बनवलेल्या पीडीजीएफच्या जेलला, म्हणजे बेकाप्लेर्मिनला, अमेरिकेत १९९७ साली मधुमेही पायाच्या जखमेसाठी मान्यता मिळाली. भारतात ईजीएफचे जेलही मिळते. पण ही जेल म्हणजे नुसते मलम नव्हे, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरायचे औषध आहे. आधी मेलेला भाग काढावा लागतो, जंतुसंसर्ग आटोक्यात आणावा लागतो, साखर ताब्यात ठेवावी लागते आणि पायावरचा भार कमी करावा लागतो. पायाला रक्तच पोचत नसेल तर त्याची तपासणी आधी. कॉफी पावडर किंवा चुना लावून हे काहीच होत नाही. उलट जखमेत घाण जाते. मधुमेही व्यक्तीच्या पायाला लहानशी चीर पडली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, दुखत नसली तरी.